अप्रेझलच्या फॉर्ममध्ये "आहे तिथेच बरा आहे" हे सभ्य भाषेत कसं लिहायचं?

काठावरपास

मंडळी, प्रश्न प्रामाणिक आहे, हसायचं तर हसा पण जाताना उत्तर देऊन जा.

वय ४१. राहायला कोथरूड, कामाला हिंजवडी फेज टू. एका आयटी कंपनीत (नाव सांगत नाही, तुमच्यातलेच दोघंतिघं माझ्या मजल्यावर निघतील) चौदा वर्षं झाली. आमच्याकडे रेटिंग एक ते पाच, पाच म्हणजे देवमाणूस आणि एक म्हणजे एचआरबरोबर बंद दाराआड मीटिंग. मला सलग नऊ वर्षं तीन आहे. त्याआधी एकदा चार मिळालं होतं, पण पलीकडच्या टीममधल्या एकाचं आणि माझं आडनाव सारखं असल्यामुळे ती गफलत होती, तो बिचारा पुढे वर्षभर माझ्याशी बोलला नाही.

तर मुद्दा असा की मी सुखी आहे. खरंच. एका परदेशी विमा कंपनीची रात्रीची बॅच (म्हणजे आपोआप चालणारी कॉम्प्युटरच्या कामांची रांग) माझ्याकडे आहे, ती रात्रभर चालते, सकाळी मी जाऊन लॉग बघतो, काही अडलं असेल तर सोडवतो, मग चहा. बॅच चालली तर कुणी विचारत नाही आणि मलाही कुणी विचारावं असं वाटत नाही. पाच वीसची बस पकडतो. पाच वीसच का, तर पाच चाळीसला निघालेल्या माणसाला सूर्यास्त भूमकर चौकातल्या ट्रॅफिकमध्येच बघावा लागतो, आणि तो काही बघण्यासारखा नसतो.

मला लीड व्हायचं नाही. लीड काय करतो ते मी रोज समोर बसून बघतो. त्याचा डबा एक वाजता मायक्रोवेव्हमध्ये जातो, तेवढ्यात कॉल येतो. अडीचला परत जातो, परत कॉल. चार वाजता तो माणूस ती दोनदा गरम होऊन पापडासारखी झालेली पोळी एका हाताने मोडत असतो आणि दुसऱ्या हाताने माइक म्यूट करत असतो. त्याला माझ्यापेक्षा पगार जास्त आहे, मान्य. पण मी मऊ पोळी खातो.

आता अडचण. आमच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो, "पुढच्या पाच वर्षांत स्वतःला कुठे पाहता?" आजवर मी दरवर्षी तोच परिच्छेद चिकटवत आलो, त्यात लीडरशिप, ग्रोथ, लर्निंग सगळं होतं, कुणीतरी कधीतरी लिहिलेलं मी उचललं होतं आणि माझ्याकडून पुढे किमान सहा जणांनी उचललं. यंदा नवीन पोर्टल आलंय. ते लाल अक्षरात सांगतं की हा मजकूर गेल्या वर्षीच्या मजकुराशी जुळतो, कृपया नव्याने लिहा. किमान तीनशे अक्षरं.

खरं उत्तर असं आहे की पाच वर्षांनी मी स्वतःला इथेच पाहतो, फक्त खिडकीजवळच्या डेस्कवर. हे तीनशे अक्षरांत कसं लिहू? खोटं लिहायचा कंटाळा आलाय आणि खरं लिहायची भीती वाटते. शुक्रवार शेवटची तारीख आहे.


चहाबाज

काठावरपासराव, गुरुबंधू भेटल्याचा आनंद झाला. मी खराडीत, एकोणीस वर्षं, तीन पूर्णांक शून्य.

आधी भाषांतर घ्या. "मला इथेच राहायचंय" असं कधीच लिहायचं नसतं, "सध्याच्या भूमिकेत अधिक खोलवर रुजायचं आहे" असं लिहायचं. झाडाला कुणी विचारत नाही की पाच वर्षांनी कुठे असशील. "मला लोक सांभाळायचे नाहीत" याला "तांत्रिक वाटेवर लक्ष केंद्रित करायचं आहे" म्हणतात. आणि "पाच वीसची बस" म्हणजे वर्क लाइफ इंटिग्रेशन. मी स्वतः यावर सात वर्षं काढली आहेत.

पण तुम्हाला एक सांगतो, फॉर्म हा किरकोळ भाग आहे. मध्यम राहणं हे रोजचं काम आहे आणि त्याला भयंकर सावध राहावं लागतं, लोकांना वाटतं आपण नुसते बसलोय. माझी चूक ऐका. २०१४ च्या आसपास आमच्या ॲडमिनच्या पोरीला रजेचा हिशोब लागत नव्हता म्हणून मी तिला एक्सेलमध्ये एक शीट करून दिलं, बटण दाबलं की सगळं भरतं असं. फक्त दयेपोटी. सोमवारी ती शीट फायनान्सकडे गेली, बुधवारी ट्रान्सपोर्टवाले आले, आणि पुढच्या महिन्यात मी कधी न बघितलेल्या मजल्यावरून एक गृहस्थ लॅपटॉप घेऊन माझ्या डेस्कशी उभे, "अहो ते एक्सेलवाले तुम्हीच ना?" आज बारा वर्षं झाली, मला माझ्या नावाने कुणी ओळखत नाही, एक्सेलवाले म्हणतात. दिवाळीच्या आदल्या दिवशी सगळे फराळाला आणि मी कुणाच्यातरी पिव्होट टेबलमध्ये. तेव्हापासून शपथ आहे, व्हीलुकअप येतं हे बायकोलासुद्धा सांगायचं नाही.

गणपतीच्या सजावटीचंही तेच. एकदा मखर चांगलं जमलं की संपलात, पुढच्या वर्षी लोक जुलैपासून थर्माकोल बंदीवर तुमच्याशी चर्चा करायला येतात.

आणि मेलला उत्तर लगेच देऊ नका. दोन तास थांबा. लगेच दिलंत तर तो तुमचा वेग ठरतो.


निवृत्त_सेक्शन

चिरंजीव, तुमचं बघून करमणूक झाली. मी केंद्र सरकारच्या एका खात्यात छत्तीस वर्षं काढली, कॅम्पात ऑफिस होतं. तुम्ही नऊ वर्षं तीनवर आहात याचं तुम्हाला अप्रूप वाटतंय, आमच्याकडे त्याला करिअर म्हणत.

पण एक धोका सांगतो जो तुमच्या पिढीला माहीत नाही. "बरा" हा शेरा वाटतो तितका निरुपद्रवी नसतो. आमच्या वेळी गोपनीय अहवाल असे, म्हणजे साहेब तुमच्याबद्दल काय लिहितो ते तुम्हाला कळतच नसे, फक्त वाईट शेरा असला तरच कळवत. आता बॉर्डर रोड्समधल्या एका इंजिनिअरची केस बघा. प्रमोशनसाठी पाच वर्षांचे शेरे बघायचे होते. चार वर्षं "व्हेरी गुड", एक वर्ष, १९९३-९४ चं, नुसतं "गुड". प्रमोशनला प्रत्येक वर्षी "व्हेरी गुड" लागत होतं. गेलं प्रमोशन. आणि ते "गुड" त्याला कुणी कळवलंही नव्हतं, कारण गुड हा काय वाईट शेरा आहे का कळवायला! प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २००८ साली कोर्टाने सांगितलं की बाबांनो शेऱ्याचं नाव काय आहे ते बघू नका, त्याने माणसाचं काय होतंय ते बघा, आणि प्रत्येक शेरा, चांगला असो वाईट असो, त्या माणसाला दाखवा. म्हणजे चांगला म्हटल्यामुळे नुकसान झालं हे सिद्ध करायला माणसाला दिल्लीपर्यंत जावं लागलं.

त्यापुढची गंमत. आमच्याकडे एमएसीपी म्हणून योजना आहे, प्रमोशन नाही मिळालं तरी दहा, वीस आणि तीस वर्षांनी पगाराची पायरी वर चढते. मध्यम माणसासाठी याहून सुंदर योजना जगात कुणी काढली असेल असं मला वाटत नाही. काही करायचं नाही, फक्त वय वाढवायचं. पण सातव्या वेतन आयोगात २०१६ साली त्यात अट बदलली, आधी "गुड" असलं तरी चालायचं, आता "व्हेरी गुड" पाहिजे. आता तुम्हाला वाटेल लोक जास्त काम करायला लागले. छे हो. अहवालात दहापैकी आकडे असतात, चार ते सहाच्या आतला माणूस "गुड", सहाच्या पुढे आठच्या आत "व्हेरी गुड". आमच्या सेक्शनमध्ये सगळे एका रात्रीत साडेपाचचे साडेसहा झाले. तीच माणसं, तोच पंखा, तोच चहावाला. साहेबही शहाणा होता, म्हणाला मला कुणाच्या घरचा हप्ता अडवायचा नाहीये.

तात्पर्य नाही, पण "आहे तिथे बरा" मधला "बरा" शब्द फॉर्मात घालू नका. "उत्तम" घाला. फुकट असतो.


बेसुमार

वर सगळे "मध्यम", "सामान्य", "सरासरी" हे शब्द एकाच अर्थाने वापरतायत म्हणून नाइलाजाने लिहितोय. (माझं टोपणनाव वाचलं असेल तर मी का लिहितोय ते कळेल.)

एक. या अवस्थेला मराठीत नेमका शब्द आहे, सुमार. आज आपण तो शिवीसारखा वापरतो, "सुमार दर्जाचं नाटक" वगैरे. पण हा फारसीतून आलेला शब्द, मूळ अर्थ मोजणी, गणती. "सुमारे दहा माणसं" मध्ये तो अजून जिवंत आहे. आणि ज्याला सुमार नाही तो बेसुमार, "बेसुमार महागाई", "बेसुमार गर्दी", "बेसुमार वृक्षतोड". बघा, जे मोजता येत नाही असं आपल्याकडे जवळजवळ काहीच चांगलं नाही. तेव्हा सुमार माणूस म्हणजे हिशोबात बसणारा माणूस. यात लाज कसली ते मला कळत नाही.

दोन. "सरासरीपेक्षा निम्मे लोक खाली असणारच" हे वाक्य इथे कुणी अजून लिहिलेलं नाही, पण कुणीतरी लिहिणार, म्हणून आधीच सांगतो की ते चूक आहे. निम्मे खाली असतात ते मध्यकाच्या, म्हणजे सगळ्यांना क्रमाने उभं केल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याच्या. सरासरी वेगळी. समजा टीममध्ये आठ जण. सात जण महिन्याला तीस तिकिटं बंद करतात. आठवा हिरो आहे, तो नव्वद करतो. एकूण तीनशे, भागिले आठ, साडेसदतीस. म्हणजे आठातले सात सरासरीच्या खाली! एकानेही काही चूक केलेली नाही. आता तो हिरो जास्त पगार घेऊन बंगलोरला गेला की सरासरी तीस होते, आणि हे सातही जण घरी झोपलेले असताना एका रात्रीत सरासरीवर येतात. त्यामुळे काठावरपास यांनी स्वतःची प्रगती करण्यापेक्षा शेजारच्या हुशार माणसाला चांगली नोकरी शोधून द्यावी, गणिताने तेच सोपं आहे.

तीन. हर्बर्ट सायमन नावाचा अमेरिकन होता, त्याने १९५६ मध्ये असं मांडलं की माणूस सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही, पुरेसा बरा सापडला की थांबतो. माणूस निर्णय कसे घेतो यावरच्या त्याच्या कामाला पुढे १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. "पुरेसं बरं" या विषयावर माणूस नोबेलपर्यंत गेला म्हणजे त्याने स्वतःचं ऐकलं नाही हे उघड आहे.


चहाबाज

बेसुमार, प्रश्न फॉर्ममध्ये काय लिहायचं असा होता.


बेसुमार

मी प्रश्नातले शब्द दुरुस्त केले. उत्तर ज्याचं त्याने शोधायचं.


रात्रपाळी

मला हसू आलं नाही, सॉरी.

मी सपोर्टला आहे, मगरपट्ट्यात, महिन्यातले पंधरा दिवस रात्री. तुमच्यासारख्या समाधानी माणसांनी सोडलेला कोड रात्री अडीचला मी वाचते. परवाच एका फाइलमध्ये एरर आला, आत उघडून बघितलं तर एकच कमेंट, "हे का चालतं माहीत नाही, हात लावू नये". खाली २०११ ची तारीख. तो माणूस आत्ता कुठेतरी मऊ पोळी खात असेल आणि मी व्हेंडिंग मशीनचं ते गोड पाणी पिऊन क्लायंटला सांगतेय वुई आर लुकिंग इन्टू इट. पाच वीसची बस ज्यांना मिळते त्यांची बस कुणाच्यातरी जिवावर सुटते एवढंच म्हणायचं होतं. आणि एक बघा, मी संध्याकाळी साडेपाचला नुसती उठले तरी मला विचारतात, घरी काही प्रॉब्लेम आहे का. तुम्हाला विचारतात का कुणी?


काठावरपास

रात्रपाळी ताई, तुमचं बरोबर आहे, आणि शेवटचा प्रश्न वाचून खरंच गप्प बसलो जरा. मला कुणी विचारत नाही. कधीच नाही.

पण बाकीच्या बाबतीत मला थोडं बोलू द्या. मी काम अर्धवट ठेवत नाही हो. माझ्या बॅचला कोण कुठे अडतं, कुणाला फोन करायचा, सगळं लिहून ठेवलंय, सहा पानं आहेत, छापून ड्रॉवरमध्येपण आहेत. मला जे तीन मिळतं ते काम बिघडतं म्हणून नाही, मी त्याचं प्रेझेंटेशन करत नाही म्हणून मिळतं. आमच्याकडे एकाने बॅच पडू दिली, मग रात्रभर जागून ती उचलली, त्याला टाऊनहॉलमध्ये टाळ्या आणि व्हाउचर. माझी पडली नाही म्हणून मला काही नाही. मला ते चालतं, पण हा हिशोब गमतीचा आहे की नाही?

चांदणी चौकातला जुना पूल आठवतो का? मी रोज त्याच्याखालून जायचो. कुणी कधी त्याच्याकडे मान वर करून बघितलं नसेल, शिव्या मात्र भरपूर खाल्ल्या त्याने, अरुंद आहे, जुना आहे. २०२२ च्या गांधी जयंतीला रात्री एक वाजता तो पाडला. सहाशे किलो स्फोटकं, नोएडाचे टॉवर पाडणारीच मंडळी बोलावलेली, बारा टीव्ही चॅनेल, आम्ही सोसायटीतले सगळे गच्चीवर, कुणीतरी भडंगपण आणलेलं. धडाम झालं, धुरळा उडाला, टाळ्या वाजल्या, आणि धुरळा बसला तर पूल बराचसा तिथेच! आत धरल्यापेक्षा जास्त लोखंड निघालं म्हणे. शेवटी पोकलेन लावून उरलेला पाडला. मी तेव्हा गच्चीवर एकटाच खूश झालो होतो, शेजारचे म्हणाले काय झालं हो, म्हटलं काही नाही. त्या पुलाला आयुष्यात कुणी तीनच्या वर दिलं नसतं.


रात्रपाळी

सहा पानं लिहिली असतील तर माफ. ती ड्रॉवरमध्ये नको, शेअर्ड फोल्डरमध्ये टाका. रात्री अडीचला मी तुमचा ड्रॉवर कुठून उघडू?


पहिलीनोकरी

काका हे सगळं वाचायला भारी वाटतंय पण तुम्हाला परवडतं म्हणून. तुमचा कोथरूडचा फ्लॅट कधीचा? मी २५, वाकडला टूबीएचकेत चौघं, अनामत घरमालकाने परत दिली नाही तर पुढची कुठून आणायची माहीत नाही, आणि माझं रेटिंग तीन आलं तर हाईक इतकी कमी असते की भाडंच त्यापेक्षा जास्त वाढतं, म्हणजे मी मध्यम राहिलो तर दरवर्षी थोडा थोडा मागे जाणार. मलापण मऊ पोळी पाहिजे, आधी पोळीवाली मावशी परवडू दे.


काठावरपास

बाळा, फ्लॅट वडिलांनी घेतलेला आहे, तेव्हा समोर शेत होतं. तुझ्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. काका म्हणालास ते मात्र लागलं.


शाखेतली

सरकारी बँकेत क्लार्क, प्रमोशन दोनदा नाकारलं. क्लार्कची ऑफिसर झाले की बदली आलीच, आणि ती कधी सातारा नसते, कायम असं गाव असतं की गूगल मॅपपण "तुम्हाला हेच म्हणायचंय का" विचारतो. पहिल्यांदा लेकीची दहावी सांगितली, दुसऱ्यांदा सासूबाईंचा गुडघा. आता तिसऱ्यांदा विचारतील, सासूबाई ठणठणीत आहेत, रोज सकाळी कमला नेहरू पार्कात तीन फेऱ्या मारतात. कारण सुचवा.


चहाबाज

शाखेतली ताई, तुमचा स्वतःचा गुडघा.


उतरलेली_मॅनेजर

मी दुसऱ्या बाजूने सांगते, कारण मी वर जाऊन खाली आलेय.

टेस्टिंगमध्ये मी चांगली होते, खरंच चांगली, डेव्हलपर माझं नाव बघून उसासा टाकायचे. मग मला मॅनेजर केलं. त्या दिवसापासून मी एकही बग बघितला नाही, फक्त माणसं आणि त्यांच्या रजा. लॉरेन्स पीटर नावाच्या लेखकाने १९६९ मध्ये हेच सांगितलं होतं, माणूस जे येतं त्याच्या जोरावर वर वर ढकलला जातो आणि जिथे जमत नाही तिथे जाऊन बसतो. आम्हाला तेव्हा वाटायचं टवाळी आहे. पण २०१९ मध्ये तिघा संशोधकांनी शंभरावर अमेरिकन कंपन्यांमधल्या विक्रीच्या लोकांचे आकडे काढले, तर निघालं तसंच, सगळ्यात जास्त विकणाऱ्यांना प्रमोशन मिळतं आणि साहेब म्हणून तेच जास्त वाईट ठरतात. मी चार वर्षं ते केलं आणि मग लेखी मागून परत टेस्टिंगला आले. एचआरला हा फॉर्म सापडेना. वर जायचा होता, बाहेर जायचा होता, खाली यायचा नव्हता. शेवटी "अंतर्गत बदली" मध्ये बसवलं.

आता काठावरपास, तुमच्यासाठी आतली गोष्ट. रेटिंगच्या मीटिंगमध्ये मी बसलेय. बेल कर्व्ह तुम्हाला माहीत असेल, म्हणजे किती जणांना कुठलं रेटिंग ते आधीच ठरलेलं, जीई या अमेरिकन कंपनीच्या वेल्च साहेबांचा हिशोब वरचे वीस टक्के, मधले सत्तर, खालचे दहा. मायक्रोसॉफ्टने असली क्रमवारी २०१३ मध्ये सोडून दिली, आमच्याकडे नाव बदललं. मीटिंगमध्ये आठ जणांची यादी समोर, आणि वरून निरोप, एकाला दोन द्यावाच लागेल. मग मॅनेजर काय करतो? जो भांडेल त्याला देत नाही. जो सोडून जाईल त्याला देत नाही. नजर फिरत फिरत अशा माणसावर येते जो शांत आहे, सुखी आहे, ज्याची पाच वीसची बस आहे. मी स्वतः असं एकदा केलंय आणि तो माणूस मला थँक यू मॅडम म्हणाला, ते मला अजून झोपताना आठवतं.

तुम्ही लोक म्हणजे टीममधला बटाटा आहात. कुठल्याही भाजीत घाला, तक्रार नाही, सगळ्यांना हवा. पण घरात काहीच नसतं त्या दिवशी पहिला बटाटाच चिरतात.

म्हणून फॉर्ममध्ये काहीतरी मागा. काहीही. जो काहीच मागत नाही त्याची त्यांना भीती वाटत नाही. खिडकी मागा, चालेल.


बेसुमार

बटाट्याची उपमा पटली. पण बटाटा सुमार नाही, बेसुमार पिकतो. हे नोंदवून ठेवतो.


काठावरपास

मंडळी, अपडेट.

गुरुवारी रात्री बसून लिहिलं. चहाबाजांचं "रुजायचं आहे" घेतलं, निवृत्त काकांचं "उत्तम" घातलं, सहा पानं शेअर्ड फोल्डरला टाकली आणि तेही लिहिलं (रात्रपाळी ताई, लिंकला परवानगी सगळ्यांना आहे). शेवटी उतरलेली ताईंचं ऐकून खरं वाक्य टाकलं, की पाच वर्षांनी मी याच कामावर, खिडकीजवळच्या डेस्कवर असेन अशी अपेक्षा आहे. तीनशे चार अक्षरं भरली. सबमिट दाबताना हात थरथरला, चौदा वर्षांत पहिल्यांदा मी या कंपनीकडे काहीतरी मागत होतो.

काल मॅनेजरबरोबर वन ऑन वन झालं. मुलगा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे, चांगला आहे, सारखा घाईत असतो. त्याने स्क्रीनवर माझं वाचलं, परत वाचलं, मग लॅपटॉप अर्धा मिटवून म्हणाला, "सर, त्या खिडकीतून काय दिसतं हो?" म्हटलं एक गुलमोहर आहे आणि त्याच्यामागे बससाठी लोक उभे असतात ते दिसतात, बस आली की आधीच कळतं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला मी तर तिथे कधी गेलोच नाहीये. तेवढ्यात त्याचा कॉल आला.

रेटिंग तीन. सलग दहावं.

खिडकीला त्याची ना नाही, पण जागेचं त्याच्या हातात नाही म्हणे, ते फॅसिलिटीवाल्यांकडे, त्यांचं पोर्टल वेगळं, त्याने लिंक पाठवलीय. आज उघडलं. नाव, मजला, सध्याचा डेस्क नंबर इथपर्यंत ठीक. खाली "बिझनेस जस्टिफिकेशन" असा रकाना आहे आणि तो भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. किमान पाचशे.

काय लिहू?


बेसुमार

पाचशे अक्षरं की शब्द? आणि स्पेस धरून की सोडून?